पाळी येण्याआधीची दोन वर्षं

कवठे महांकाळ तालुक्यात आरोग्य सेविका म्हणून काम करताना मला सगळ्यांत जास्त वेळा जो प्रश्न विचारला गेला, तो लसीचा किंवा बाळंतपणाचा नव्हता. "बाई, हिला एवढ्या लवकर कशी काय आली वं?" हा तो प्रश्न. विचारणारी आई असायची, कधी आज्जी, कधी थोरली चुलती. पोरगी दाराआड उभी असायची. मग महिन्या-दोन महिन्यांनी दुसऱ्या एखाद्या वाडीवर त्याच प्रश्नाची उलटी बाजू भेटायची : "हिच्या बरोबरीच्या समद्या बसल्या, हिला अजून कशी न्हाई?"

काळजी दोन्हीकडं सारखीच, आणि दोन्ही घरांत उत्तर मी जायच्या आधीच ठरलेलं असायचं. परवा पपई खाल्ली. जत्रेत मटणाचा रस्सा जास्त झाला. ऐन उन्हाळ्यात गूळ-शेंगदाणे खात बसली होती. विहिरीवर उड्या मारल्या. सायकल फार चालवते. मोबाईलवर काय काय बघते. एका आज्जीनं तर, वर्गात मुलग्याच्या शेजारी बसवल्यामुळं नातीला पाळी आली असं सांगून, मी शाळेत जाऊन मास्तरांशी बोलावं म्हणून गळ घातली होती. कारण शोधताना घरची माणसं मागचे आठ-पंधरा दिवस चाळत बसतात. पाळीची तयारी मात्र पहिला डाग दिसण्याच्या दोन-अडीच वर्षं आधीच सुरू झालेली असते, आणि त्या दोन-अडीच वर्षांत पोरीच्या ताटात काय पडलं, ती किती झोपली, तिच्या अंगात रक्त किती होतं, याची चौकशी घरात कोणी केलेली नसते. इतकी वर्षं वाड्यावस्त्या फिरून मला जे सांगावंसं वाटतं, ते त्या दोन-अडीच वर्षांबद्दल आहे.

आमचा तालुका अवर्षणाचा. अग्रणी नदी आहे, पण तिला पाणी पावसाळ्यापुरतं. म्हैसाळ योजनेनं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून इकडं आणलं, घाटनांद्रे भागाकडं टेंभू योजनेचं पाणी आलं, आणि एकेकाळी टँकरवर जगवलेल्या द्राक्षबागांना बळ आलं. आज इथल्या बाईला द्राक्षाची वेल जेवढी कळते तेवढी ती पुस्तक वाचून कळायची नाही. विरळणी करायची ती तिनं, घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक अॅसिडच्या, पाण्यात बुडवायचे ते तिनं, बेदाणा निवडायचा तोही तिनंच. उन्हाळ्यात एका बेदाणा शेडवर निवडणीला बसलेल्या बायकांमध्ये हाच विषय निघाला. मी विचारलं, "ऑक्टोबर छाटणी झाली की वेलीला घड दिसतो. तो घड त्याच आठवड्यात तयार होतो का?"

सगळ्या एकदमच "न्हाई" म्हणाल्या. एकीनं मला समजावलं, की एप्रिलला खरड छाटणी होते, त्यानंतर नवी काडी वाढते, त्या काडीच्या डोळ्यात घड आतल्या आत धरतो, दिसत नाही. तेव्हा ऊन, पाणी, खत कमी पडलं तर ऑक्टोबरात कितीही जीव टाका, घड निघत नाही. "मग पोरीचं काय वेगळं हाय?" मी म्हटलं. "डाग दिसला त्या दिवशी पाळी तयार झाली नाही. ती दोन वर्षं आत तयार होत होती." त्या दिवशी मला पुढचं सगळं सांगायला फार कष्ट पडले नाहीत.

ते पुढचं असं आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग असतो. बाळ जन्मल्यावर पहिले काही महिने तो बराच सक्रिय असतो, मग शांत होतो आणि कित्येक वर्षं शांत राहतो. साधारण आठ ते तेरा या वयात तो पुन्हा कामाला लागतो. सुरुवातीला फक्त रात्री, मुलगी गाढ झोपेत असताना. तिथून जीएनआरएच नावाचं संप्रेरक ठरावीक अंतरानं, थोडं थोडं सुटतं. त्याच्या सांगाव्यावरून खालची पियुषिका ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरकं रक्तात सोडते. ती ओटीपोटातल्या बीजांडकोशांपर्यंत पोचतात आणि बीजांडकोश इस्ट्रोजेन तयार करू लागतात. मुलीच्या अंगावर जे जे बदल आपल्याला दिसतात, ते बहुतेक या इस्ट्रोजेनचे.

पहिला बदल छातीवर दिसतो. स्तनाग्राखाली दुखरी गाठ येते, आणि बऱ्याचदा आधी एकाच बाजूला येते. ही गाठ घेऊन माझ्याकडं आलेल्या आया मला आठवतात. तोंडातून शब्द फुटत नसे, कारण त्यांच्या डोक्यात कॅन्सर असे. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला एका बाजूला गाठ आली, ती दुखते, त्वचा नेहमीसारखी आहे, तर ती वाढीची पहिली खूण असते आणि सहसा काही महिन्यांत दुसऱ्या बाजूलाही येते. मग उंची झपाट्यानं वाढते, काखेत आणि जांघेत केस येतात. पाळीच्या सहा महिने ते वर्षभर आधी अंगावरून पांढरं पाणी जायला लागतं. यालाही घरात भलतंच नाव मिळतं. पोरीची ताकद चालली म्हणून गावठी औषधं सुरू होतात. वास नसेल, खाज नसेल, तर ते पाणी इस्ट्रोजेनचंच काम असतं आणि पाळी जवळ आल्याचं सांगत असतं. दरम्यान आत गर्भाशयाचं अस्तर जाड होत असतं. एके दिवशी संप्रेरकाची पातळी उतरते, अस्तर टिकत नाही, सुटतं आणि थोड्या रक्ताबरोबर बाहेर येतं. छातीवरच्या त्या पहिल्या गाठीपासून इथवर साधारण दोन ते अडीच वर्षं गेलेली असतात.

थोडं रक्त म्हणजे किती, हेही सांगायला हवं. एका पाळीत सरासरी तीस ते चाळीस मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे चहाचे सहा ते आठ चमचे. पोरींना ते तांब्याभर वाटतं, कारण कापडावर ते पसरतं. आणि ते खराब रक्त नसतं. बोट कापल्यावर येतं तेच रक्त, सोबत अस्तराचे तुकडे. महिनाभर अंगात साठलेली घाण निघून जाते असं आमच्याकडं लेकीला शिकवलं जातं, शिकवणाऱ्या बाईलाही तसंच शिकवलेलं असतं. त्यातून पुढं फार नुकसान होतं. ज्या पोरीला आपण दर महिन्याला घाण टाकतो असं वाटतं, ती जास्त रक्त गेलं तरी कोणाला सांगत नाही. उलट, बरं झालं, मोकळी झाले, असं समजते.

मेंदूचा तो भाग नवव्या वर्षी कामाला लागणार की बाराव्या, हे ठरतं कशावर? निम्म्याहून अधिक वाटा आई-बापाकडून आलेल्या गुणसूत्रांचा. आईला लवकर आली असेल तर मुलीलाही लवकर येण्याची शक्यता जास्त. म्हणून "हिला लवकर कशी आली" असं कोणी विचारलं की मी आधी त्या आईलाच विचारते, "तुम्हाला कधी आली होती?" बऱ्याच वेळा तिथंच उत्तर सापडतं आणि चेहरा सैल होतो. राहिलेला वाटा अन्नाचा, आजारांचा, अंगमेहनतीचा. अंगातल्या चरबीतून लेप्टिन नावाचं संप्रेरक निघतं. ते १९९४ मध्ये सापडलं. शरीराकडं पुरेसा साठा आहे, हे मेंदूला लेप्टिनमुळं कळतं. पुढं २००३ मध्ये किसपेप्टिन या रेणूचं महत्त्व कळलं. हायपोथॅलॅमसला जागं करणाऱ्या चेतापेशी तो तयार करतात, आणि ज्यांच्यात त्याची यंत्रणा जन्मतः बिघडलेली असते त्यांना वयात येणंच जमत नाही. पपई, मोबाईल, शेजारी बसलेला मुलगा, यांतल्या कशाचाही हात तिथवर पोचत नाही.

आमच्या भागातल्या सत्तरीच्या बायकांशी बोलावं, म्हणजे अन्नाचा वाटा किती मोठा आहे ते दिसतं. त्या सांगतात, आमाला न्हाण आलं तवा आमी पंधरा-सोळा वर्सांच्या व्हतो. त्यांपैकी कित्येकींचं न्हातंधुतं होण्याचं वय आणि १९७२ चा दुष्काळ एकच. खडी फोडायच्या कामावर आईबरोबर जायचं, सुकडी आणि मिलो ज्वारीची लाल भाकरी खायची. त्यांच्या नातींना बाराव्या-तेराव्या वर्षी पाळी येते. आज्ज्यांना हे कलियुगाचं लक्षण वाटतं. पण युरोपातही असंच घडलं होतं. तिथल्या उत्तरेकडच्या देशांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुलींना सोळाव्या-सतराव्या वर्षी पाळी यायची. शंभर वर्षांत, पोटभर अन्न मिळालं आणि बालपणीचे आजार आटोक्यात आले तसं, ते वय तेराच्या आसपास आलं. नातीला आज्जीच्या आधी पाळी येते, यात मला तालुक्याच्या बदललेल्या ताटाची खूण दिसते. अर्थात दुसरं टोकही आता दिसू लागलंय. बाजाराच्या गावात वेफर-बिस्किटांवर वाढलेल्या, खेळ नसलेल्या, वजन फार वाढलेल्या मुली आहेत, आणि जास्तीच्या चरबीनं पाळी आणखी अलीकडं सरकते.

इथं एका घराची गोष्ट सांगते. दोन बहिणी. थोरलीला अकराव्या वर्षी पाळी आली तेव्हा तिची आई खचली. एवढीशी पोरगी, हिला कसं जमायचं, या काळजीनं तिनं मनाशी एक ठरवलं : धाकटीला तरी उशिरा येऊ दे. धाकटी तेव्हा नऊ वर्षांची. तिची अंडी बंद झाली, मटण बंद झालं, दूध बंद, गूळ बंद, तीळ बंद. सगळं उष्ण. भाकरी, आमटी, भात एवढ्यावर पोरगी राहिली. शाळेच्या प्रार्थनेला ती चक्कर येऊन पडली तेव्हा तिचं हिमोग्लोबिन आठ भरलं.

त्या आईला अडाणी म्हणणारी माणसं मला भेटली, आणि मला ते अजिबात पटलं नाही. तिच्या निरीक्षणात तथ्याचा कण होता. मूल कायम अर्धपोटी राहिलं तर पाळी लांबते. दुष्काळातल्या आज्ज्यांचं तेच तर झालं होतं. पण ते लांबणं कशाच्या बदल्यात मिळतं ते तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. पाळीच्या आसपासच्या या काही वर्षांत मुलगी आपल्या पूर्ण उंचीचा मोठा हिस्सा वाढवते. उंची सर्वांत वेगानं वाढते त्याच्या आजूबाजूच्या दोन वर्षांत, मोठेपणी हाडांत जेवढं खनिज असणार आहे त्यातलं जवळपास पाव भरलं जातं. ही वेळ पुन्हा येत नाही. नेमकी तेव्हाच अंडी-दूध तोडलं, तर पुढं चाळिशीत कंबर धरून बसणारी बाई आपण नवव्या वर्षीच तयार करत असतो. मी तिला म्हटलं, "आक्का, काल खाल्लेल्या अंड्यानं उद्या पाळी येत नाही. पण दोन वर्षं न खाल्लेलं अंडं पोरीच्या हाडात कायमचं उणं राहतंय." तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "मग रोज दिऊ?" रोज द्या, म्हटलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१ च्या फेरीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी आढळल्या. शाळेत आठवड्याला एक निळी लोहाची गोळी देतात ती यासाठीच. आणि त्या गोळीबद्दलही हीच अफवा : हिच्यानं अंगात उष्णता होते, पाळी लवकर येते, जास्त जाते. मळमळ होते म्हणून मुली ती दप्तरात टाकून घरी नेतात आणि बांधावर फेकतात. जेवणानंतर, पाण्याबरोबर घेतली की मळमळ बरीच कमी होते. चहाबरोबर मात्र घ्यायची नाही, कारण चहा लोह अंगाला लागू देत नाही. एवढं नीट सांगितलं तरी अर्ध्या गोळ्या पोटात जायला लागतात.

जरा शिकलेल्या घरांत उष्ण-थंडची जागा इंजेक्शननं घेतलीय. म्हशीला पान्हा सुटावा म्हणून ऑक्सिटोसिन टोचतात, ते दूध पिऊन पोरी लवकर वयात येतात, असं चांगले पदवीधर बाप सांगतात. जनावराला असं टोचणं वाईटच. त्याला कायद्यानं बंदीही आहे. पण ऑक्सिटोसिन हे प्रथिनाच्या जातीचं संप्रेरक. ते पोटात गेलं तर इतर प्रथिनांसारखं पचून जातं, आणि वयात येण्याशी त्याचा तसाही संबंध नाही. ब्रॉयलर कोंबडीबद्दलही अशीच अफवा. ती झपाट्यानं वाढते ती निवडून केलेल्या पैदाशीमुळं आणि खाद्यामुळं. या दोन अफवांनी किती घरांतून पोरींच्या वाटचं दूध आणि मांस काढून घेतलं असेल, याचा विचार आला की मला झोप लागत नाही. पोरांच्या वाटचं कोणी काढत नाही.

पाळीतल्या बाईच्या स्पर्शानं वेल सुकते, लोणचं नासतं, पापड लाल होतात, ही समजूत आपल्याकडं सगळीकडं आहे. मिरजेच्या बाजूला आरग, बेडग, नरवाडकडं पानमळे आहेत. पानमळ्यात चपला घालून कोणी जात नाही आणि पाळीतली बाईही जात नाही. आमच्याकडं द्राक्षबागेबद्दलही काही घरं हे पाळतात. आता यात एक गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे आणि तरी कोणी ती बोलत नाही. बागायतदाराची सून त्या चार दिवसांत बागेकडं फिरकत नाही, पण विरळणीला आलेल्या टोळीतल्या पंचवीस बायकांना कोणी विचारत नाही की आज कोणाची पाळी आहे. खाडा पडला तर मजुरी बुडते, म्हणून त्या येतात. त्यांच्या हातांनी घड बुडवले जातात, त्यांच्याच हातांनी बेदाणा निवडला जातो. बाग सुकत नाही. माल परदेशी जातो. मी हे बायकांसमोर मांडते तेव्हा मजूर बायका आधी हसतात आणि मग गप्प होतात, कारण पुरावा त्यांच्याच हातांत होता आणि तो मागायला कोणी आलं नव्हतं.

ही समजूत आपल्या मातीतलीच आहे असंही नाही. रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात लिहून गेला, की पाळीतल्या बाईच्या स्पर्शानं नवी वाइन आंबते, कलमं मरतात, झाडावरची फळं गळतात. आणि १९२० मध्ये व्हिएन्नातल्या बेला शिक या नामांकित डॉक्टरनं, ज्याच्या नावानं घटसर्पाची चाचणी ओळखली जाते त्यानं, घरकाम करणाऱ्या बाईनं हाताळलेली फुलं कोमेजली म्हणून पाळीच्या काळात अंगातून विष बाहेर पडतं असा सिद्धांत मांडला. पुढच्या काळात तो टिकला नाही. पण विसाव्या शतकातल्या युरोपात डॉक्टर मंडळी या विषाचा शोध घेत होती, हे मी आज्ज्यांना मुद्दाम सांगते. आपली तेवढी मागासलेली, ही लाज मनात असली की माणूस ऐकून घेत नाही.

देवाच्या बाबतीत मी वाद घालत नाही. महांकालीचं नवरात्र असो की आरेवाडीच्या बिरोबाची यात्रा, कोणी जावं, कोणी थांबावं, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर. माझं भांडण तीन गोष्टींपुरतं असतं : पोरीला गोठ्यालगत झोपवायचं नाही, जेवण तोडायचं नाही, शाळा बुडवायची नाही. आणि एक चौथी, अलीकडं वाढलेली. सणाच्या दिवशी अडचण नको म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायची गोळी आणून देतात. ज्या शरीराची लय अजून बसतेय, त्याला चिठ्ठीशिवाय संप्रेरकाची गोळी देऊ नये.

लय बसायला खरोखर वेळ लागतो. पहिली दोन वर्षं बऱ्याचदा बीज सुटतच नाही, म्हणून पाळी कधी तीन आठवड्यांनी येते, कधी सहा. आठ दिवसांवर रक्त गेलं, तासा-दोन तासाला घडी बदलावी लागली, पाळी तीन महिने आलीच नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं. एरवी वाट बघायची. ही वाट बघणंच घरांना जमत नाही. पहिल्या पाळीनंतर दुसरी दोन महिने आली नाही की आई पोरीकडं ज्या नजरेनं बघते, ती पोरगी जन्मभर विसरत नाही.

पाळी आली म्हणजे पोरगी लग्नाला आली, ही समजूत या सगळ्यांत जीवघेणी आहे, आणि तिच्यावरून आपल्या महाराष्ट्रात एक मोठा झगडा होऊन गेला आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानं शरीरसंबंधासाठी मुलीची वयोमर्यादा दहावरून बारा केली. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं होतं, की पहिल्या ऋतूनंतर सोळा दिवसांच्या आत गर्भाधान व्हायलाच हवं आणि काही मुलींना बाराच्या आधी पाळी येते, म्हणून कायदा धर्मात हात घालतो. टिळक त्या बाजूला होते. विधेयकाच्या बाजूनं ‘सुधारक’मधून लिहिणारे आगरकर हे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. ज्या टेंभूचं पाणी आज आमच्या तालुक्याच्या माळावर येतं, त्याच गावचे. मी शाळेत मुलींना हे आवर्जून सांगते, त्यांना ते गाव कालव्याच्या नावानं ओळखीचं असतं.

मेंदूचा तो भाग जागा झाला, अस्तर सुटलं, याचा अर्थ एवढाच की वाढ चालू आहे. पहिल्या पाळीनंतर मुलगी अजून पाच ते सात सेंटिमीटर उंच होते. कटीची हाडं त्यानंतरही काही वर्षं रुंदावत राहतात. त्याआधी बाळंतपण आलं तर अडून राहण्याचा धोका असतो. कायद्यानं आज अठराची अट आहे, तरी त्याच २०१९ ते २१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आमच्याकडं सातवीपर्यंत हुशार म्हणून नाव असलेली पोरगी आठवीला वर्गात दिसत नाही, कारण हायस्कूल दुसऱ्या गावात आणि पोरगी शहाणी झालेली.

शाळेचं एक दुखणं सांगते. पाळीचं चक्र पुस्तकात नीट समजावून येतं ते दहावीच्या विज्ञानात. बीजांडकोश, संप्रेरकं, आकृत्या, सगळं चांगलं दिलंय. पण वाचणारी मुलगी तोवर तीन वर्षं पाळी अनुभवून बसलेली असते आणि तिची समजूत घरात, मैत्रिणींत, न्हाणीघरात घडून गेलेली असते. कित्येक शाळांत तो धडा घरी वाचा म्हणून सांगतात. २०१८ च्या महिला दिनाला राज्यानं अस्मिता योजना काढली, जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅडचं पाकीट. चांगली गोष्ट होती. पण पॅड हातात आलं तरी हे का येतं ते कळलेलं नसलं की भीती तशीच राहते. मी आशाताईंना घेऊन पाचवीच्या मुलींशी बोलायला सुरुवात केली तेव्हा शाळेतल्या काहींना ते फार लवकर वाटलं. पण पाचवीतल्या दहा मुलींत दोघी-तिघींच्या छातीवर ती दुखरी गाठ आलेली असते आणि त्या ती दप्तराआड लपवत असतात.

आता तो दुसरा प्रश्न, अजून कशी न्हाई. आठ वर्षांच्या आत छाती वाढू लागली तर डॉक्टरांकडं न्यायचं. तेराव्या वर्षापर्यंत वाढीची काहीच खूण नाही, किंवा पंधरा पूर्ण होऊनही पाळी नाही, किंवा छाती वाढू लागून तीन वर्षं झाली तरी पाळी नाही, तरीही न्यायचं. मधल्या काळात कोणाची अकराव्या वर्षी येईल, कोणाची चौदाव्या. दोन्ही बरोबर.

एका वस्तीवर चौदा वर्षांची मुलगी होती. उंची झालेली, अंग भरलेलं, पाळी नाही. पण पोट दुखायचं, ओटीपोटात, लोळण घेईल इतकं. जंताचं औषध देऊन झालं, नजर काढून झाली, बिरोबाचा भंडारा लावून झाला. शाळा टाळते, असंही घरातले काही म्हणत. मी कधी कधी दुखतं ते विचारलं, तर आईला तारखा सांगता येईनात. वर्गशिक्षिकेकडं मुलीच्या रजेच्या चिठ्ठ्या होत्या. त्या ओळीनं मांडल्या आणि दिसलं, की दर चार आठवड्यांनी तीन दिवस.

मिरजेला सरकारी दवाखान्यात नेऊन सोनोग्राफी केली. योनीमार्गाचं तोंड जन्मतः पडद्यानं पूर्ण बंद होतं. पाळी कित्येक महिन्यांपूर्वीच सुरू झाली होती. अस्तर दर महिन्याला सुटत होतं, फक्त रक्ताला बाहेर यायला वाट नव्हती, ते आत साठत होतं. छोटीशी शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या महिन्यापासून सगळं सुरळीत झालं.

शस्त्रक्रियेला हो म्हणायला त्या आईनं दोन दिवस घेतले. पडदा कापला तर उद्या लग्नात काय सांगायचं, हे तिचं भय होतं आणि ते खोटं नव्हतं. आमच्याकडं अशा गोष्टींवरून मुली परत पाठवलेल्या आहेत. डॉक्टरबाईंनी तिला बाजूला घेऊन आकृती काढून दाखवली. मी म्हटलं, काही सांगायचं नाही, आजार होता तो बरा झाला. तेवढं तिला पटलं. पण दुसरं काही केल्या पटत नव्हतं. मुलगी पोटात असताना आपण काय खाल्लं, कुठल्या ग्रहणात काय चिरलं, म्हणून हिचं असं झालं, हे ती विचारत राहिली. बाळ गर्भात घडताना तो पडदा आपोआप उघडायचा असतो, काही मुलींत तो राहून जातो, त्याला तुमचं खाणं किंवा चिरणं कारण नाही, असं मी सांगितलं. ती मान हलवायची. लसीकरणाच्या दिवशी भेटली की बाकीच्या बायका पुढं जाईपर्यंत थांबायची आणि पुन्हा तेच विचारायची, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगायची.